पट्ट्यावरची सात मिनिटं

दादाने मला बूट घेऊन दिले, तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. शाळा सुटल्यापासून माझ्या पायांत चपलांशिवाय दुसरं काही गेलं नव्हतं. मालवण बंदराजवळ माझी शेड आहे, तिथे मी होड्यांची मशीनं दुरुस्त करतो. डिझेल, खारं पाणी आणि मासळीचा चिकटा, यांत बूट टिकायचे कसे? पण दादा ऐकेना. बाजारात एका दुकानात त्याने मला स्टुलावर बसवलं, तीन-चार जोड काढायला लावले आणि स्वतः वाकून माझा अंगठा कुठवर पोचतोय ते दाबून पाहिलं. परवा ह्याला पट्ट्यावर चालवायचं आहे, तिथे चपला चालत नाहीत, असं तो दुकानदाराला सांगत होता. मी लाजून इकडेतिकडे बघत होतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो जहाजावर मोटरमन आहे, म्हणजे इंजिनरूमचा माणूस. नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरी. आमचं घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. चुली दोन, पण पुढचं खळं, म्हणजे अंगण, एक, विहीर एक आणि चतुर्थीला गणपतीही एक. तो नसताना त्याच्या घराची कौलं मी परतायचो, वयनीला दवाखान्यात न्यायचं असलं तर मीच न्यायचो. तो आला की माझ्यासाठी पाने-पकडी आणायचा, जर्मन बनावटीच्या, हातात धरल्या की सोडवत नाहीत अशा. आमच्यात फार बोलणं होत नसे. इंजिनावर मात्र तासन् तास बोलायचो.

त्या वर्षी चैत्रात तो घरी होता. एके सकाळी चहा घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला,

"बापूस कसो गेलो, ता ठावक आसा मा तुका?"

ठाऊक होतं. वडील छप्पन्नाव्या वर्षी भर दुपारी आंब्याच्या पेट्या भरताना बसल्या जागी गेले होते. हातातला आंबा हातातच राहिला होता.

"माझी तपासणी जहाजवाले करतत. तुझी कोण करतलो?"

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीत एक खासगी क्लिनिक आहे. तिथे टीएमटी करतात. छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालवतात, हळूहळू वेग आणि चढ वाढवत नेतात, आणि जोर पडल्यावर हृदय कसं वागतं ते कागदावर उमटतं. बसल्या बसल्या काढलेल्या ईसीजीच्या पट्टीत जे दिसत नाही ते इथे दिसतं. मला हे लगेच पटलं. मशीन नुसतं सुरू करून काही कळत नाही. होडी पाण्यात घालून, जाळ्याचं वजन ओढायला लावलं की मग ते खरं बोलतं. मी हो म्हणालो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दादांना बरं सुचलं, मी दोन वर्षं सांगतेय ते तुम्ही ऐकलं नाहीत.

आम्ही दोघंच गेलो, त्याच्या मित्राची गाडी घेऊन. महामार्गाच्या कडेला बायका काजूचे गर घेऊन बसल्या होत्या, बोंडूंचा आंबूस वास गाडीत येत होता. दादा वाटेत फार बोलला नाही. मी मात्र बोलत होतो. इतकी वर्षं मी कधी त्याच्याशेजारी बसून कुठे लांब गेलो नव्हतो.

क्लिनिकमध्ये फॉर्म त्याने भरला. माझा चष्मा घरी राहिला होता, आणि असता तरी इंग्रजी फॉर्म मी त्याच्याकडेच दिला असता. थोड्या वेळाने आतून आडनाव पुकारलं. आम्ही दोघंही उठलो. दादाने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे केलं.

टेस्ट घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, कोकणी हेल असलेलं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या छातीवरचे केस जागोजागी काढले, स्पिरिटने पुसलं, चकत्या चिकटवल्या आणि तारांचा जुडगा कमरेच्या पट्ट्यात अडकवला. दंडाला बीपीची पिशवी बांधली. मग म्हणाल्या, छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, काहीही झालं तरी लगेच सांगायचं, लपवायचं नाही. तुमच्या वयाला ठोके जास्तीत जास्त एकशे अडुसष्ट, आपण त्याच्या अलीकडेच थांबू. मी मान डोलावली. आकड्यांकडे माझं लक्ष नव्हतं. काचेपलीकडे दादा उभा होता, आणि त्याच्यासमोर आपण नीट चालावं एवढंच माझ्या मनात होतं.

पहिली तीन मिनिटं म्हणजे आमच्या मेढा वाडीत फेरी मारावी तशी. मग पट्टा पुढून उचलला गेला आणि वेग वाढला. आता घाटी चढल्यासारखं होऊ लागलं. बाई दर थोड्या वेळाने बीपी घेत होत्या, डॉक्टर पडद्याशी उभे होते. सहा मिनिटं झाली, पट्टा आणखी उचलला गेला, आणि माझ्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दाढ ठणकावी तसं दुखायला लागलं. छातीत नाही, जबड्यात. मी ते सांगितलं नाही. ते हृदयाचं असेल असं मला वाटलंच नाही. पण डॉक्टरांनी पडद्याकडे बघतच हात वर केला आणि बाईंनी पट्टा मंद केला. सात मिनिटं झाली होती.

मला पलंगावर झोपवलं, पुन्हा पट्ट्या काढल्या. डॉक्टर जवळ आले, दुखतंय का विचारलं. मी म्हटलं, दाढ जराशी. ते काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात दादा आत आला आणि त्यांच्या कानाशी हळू बोलला. दोघं बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं. डॉक्टर पेनने स्वतःच्या तळहातावर काहीतरी काढून दाखवत होते आणि दादा मान हलवत होता. एकदा त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि हसला. मीही हसलो. जाताना डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, भावाशी सगळं बोललोय, गोळ्या वेळेवर घ्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाले.

"कायएक नाय. बरो आसस," दादा म्हणाला. "दम कमी पडता तुझो. तंबाखू सोड."

आणि गोळ्या कसल्या? त्या ताकदीच्या, तो म्हणाला. फाइल त्याने मागच्या सीटवर टाकली होती, ती मी हातात घेतली नाही. बांद्याला थांबून त्याने औषधाच्या दुकानातून गोळ्यांची दोन पाकिटं घेतली, मग आम्ही जेवलो. तळलेला बांगडा, सोलकढी. त्याने निम्मं ताट तसंच ठेवलं. मी मात्र दोनदा भात घेतला. पास झालेल्या पोरासारखी मला भूक लागली होती.

पुढच्या महिन्यात दादा मुंबईला जाऊन मेडिकल करून आला आणि जहाजावर चढला. मग पावसाळा लागला. मासेमारीची बंदी असते तेव्हाच माझ्या हाताला खरं काम असतं. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात आणि मशीनं माझ्या शेडमध्ये ओळीने येतात. होडीच्या मागे लावायचं एकेक आउटबोर्ड मशीन दोघांनी उचलायचं, पण दुसरा माणूस शोधायला कोण जातो? मी एकटाच उचलत असे. त्या पावसात उचललं की माझा जबडा दुखायचा. खाली ठेवलं, पाच मिनिटं बसलं, की थांबायचा.

मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने तपासून सांगितलं की दाढेला काही दिसत नाही. मी हट्टाने ती काढायला लावली. चांगली, धडधाकट दाढ होती. हृदयाची तपासणी झालेली आहे, ते बरं आहे, मग उरली दाढ, असा माझा हिशोब. दाढ गेली तरी दुखणं तिथेच राहिलं. तेव्हा मला वाटलं की दाढेची जागा अजून भरली नसेल.

त्या दिवसांत वयनी माझ्याशी फार मायेने वागत होती. गोळ्या संपायच्या आत नवं पाकीट आणून द्यायची, दादाने सांगितलंय म्हणायची. मी कधी घ्यायचो, कधी विसरायचो. ताकदीची गोळी, तिची एवढी काय घाई. मी विहिरीवर पंप खोलायला बसलो की ती येऊन म्हणायची, भावजीनू, असू दे, कोणाला तरी बोलवूया. माझी बायको एकदा म्हणाली, वयनी सोमवारी देवळात नारळ ठेवून तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालून आली, पुजाऱ्याची बायको सांगत होती. आम्हाला दोघांनाही नवल वाटलं. मग बायकोनेच अर्थ लावला की मूलबाळ नसलेली बाई, दिरावर जीव आहे तिचा. आम्हाला ते ऐकून भरून आलं होतं.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या पाण्यात जायला लागल्या. एके सकाळी किनाऱ्यावर एक होडी लोटताना मी खांदा लावला आणि त्या दिवशी जबड्याबरोबर छातीही दाबली गेली, कुणी गुडघा टेकून बसल्यासारखी. घाम सुटला. मी ओल्या वाळूत बसलो तो बसलोच. दोघांनी मला रिक्षात घातलं आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी जिभेखाली गोळी ठेवायला दिली, पट्टी काढली, इंजेक्शन दिलं. दुखणं उतरलं. मग विचारपूस सुरू झाली. मी म्हटलं, हृदयाचं काही नाही, मी टीएमटी केलेली आहे, चांगली आली होती. शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. डॉक्टरांनी ते काढून उलटसुलट बघितलं.

"ही तुम्हाला कोणी दिली?"

मी म्हटलं, ताकदीची आहे, भावाने दिली.

ते शांतपणे म्हणाले, "ही ताकदीची नाही. हृदयाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून देतात."

त्यांनी मला दिवसभर तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं की गाडी करून सरळ त्याच क्लिनिकला जा, जुना रिपोर्ट त्यांच्याकडे असेल, तो बघून ते पुढचं ठरवतील. वाटेत एक पायरीसुद्धा उगीच चढू नका म्हणाले. बायको बरोबर आली.

क्लिनिकमध्ये त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं. कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं, तर काही आलं नाही. स्पेलिंग बदलून बघितलं, तरी नाही. मग बाईंनी चैत्र-वैशाखातली यादी काढली आणि आडनाव शोधत खाली आल्या. एका जागी थांबल्या. पडदा आमच्याकडे वळवला.

माझी बायको अंगणवाडीत शिकवते, तिला इंग्रजी वाचता येतं. तिने नावाखाली बोट ठेवलं.

"हे दादांचं नाव आहे," ती म्हणाली. "वय बावन्न."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "पण पट्ट्यावर तुम्ही होतात. मला पक्कं आठवतंय. मी तुमचे ठोकेसुद्धा बावन्नच्या हिशोबाने लावले होते."

मी काय म्हणालो असेन? मी दादाची बाजू घेतली. म्हटलं, चुकून झालं असेल, फॉर्म भरताना सवयीने स्वतःचं नाव घातलं असेल. हे मी अगदी मनापासून बोलत होतो. बायकोने पडद्यावरून नजर न काढता मला विचारलं,

"आणि गोळ्या चुकून घेतल्या?"

डॉक्टर आले. त्यांनी रिपोर्ट वाचला, मग माझ्याकडे आणि परत रिपोर्टकडे बघितलं. टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. त्यांनी त्याच दिवशी भावाला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: ह्यांनी वजन उचलायचं नाही, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, पंधरा दिवसांच्या आत अँजिओग्राफी करायची. हातावर नळी काढून दाखवली होती. "ते म्हणाले, तो फार भित्रा आहे, ऐकून खचेल, मी घरी नीट समजावतो. मी विश्वास ठेवला. मी तुमच्याशीच बोलायला हवं होतं." हे म्हणताना त्यांचा चेहरा पडला होता. मला त्यांचा राग आला नाही. विश्वास तर मीही ठेवला होता, आणि तो चाळीस वर्षं जुना होता.

परतताना गाडीत मला सगळं ओळीने दिसायला लागलं. दादाला स्वतःच्या छातीची भीती वाटत होती. मेडिकलसाठी त्याला टीएमटीचा स्वच्छ कागद हवा होता आणि धाकटा, दिवसभर अंगमेहनत करणारा, तंदुरुस्त भाऊ हाताशी होता. म्हणून बूट, आणि म्हणूनच बापूस कसो गेलो ते. ठीक आहे. एवढंच असतं तर मी पुढेमागे हसलोही असतो. त्याने मला सरळ सांगितलं असतं, तर कदाचित खोटं बोलायलाही तयार झालो असतो. पण कागद उलटा आला. त्याच्या उपयोगाचा राहिला नाही. आणि त्या कागदावर माझं मरण लिहिलेलं होतं, ते खिशात घालून तो माझ्यासमोर बसून बांगडा चिवडत राहिला.

घरी पोचलो तेव्हा वयनी खळ्याच्या कडेला पडवीत बसून झावळांचे हीर काढत होती. चतुर्थी जवळ आली होती, हिरांची नवी झाडणी, म्हणजे केरसुणी, करायची होती. मी चिखलातून तिच्यापर्यंत गेलो.

"वयनीनू, तुमका म्हायत होता?"

तिने मान वर केली नाही. सुरी चालतच राहिली. मग थांबली.

"तेणी माका देवाची शपथ घातल्यानी," ती म्हणाली. "म्हणान मी गोळये आणून देय होतंय. रोज सकाळी तुमचो आवाज ऐकासर माझो जीव थाऱ्यार नसा."

ती रडत होती. मला तिला काही बोलावंसं वाटलं नाही. माझी बायको माझ्या मागे उभी होती. ती आयुष्यात कधी वयनीला उलटून बोलली नव्हती. तिने अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"आणि एक दिवस आवाज नाय इलो असतो तर?"

आम्ही आमच्या दारातून आत गेलो.

दोन दिवसांनी मला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मनगटातून तार घालून बघितलं. दोन नळ्या तुंबल्या होत्या, एक जवळजवळ बंद. दोन स्टेंट बसवले. तिथले डॉक्टर म्हणाले, पावसाळाभर तुम्ही मशीनं उचलत होता आणि इथवर चालत आलात, नशीब म्हणा. तिसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं, वयनीने त्याला कळवलं होतं. तो तब्येत विचारू लागला, जेवतोस का, झोप लागते का. मी त्याला बोलू दिलं. मग विचारलं,

"तुझ्या नावार तर तसो रिपोट इलो. मगे तू जहाजार चढलंस कसो?"



"मगे मी स्वता केलंय. मुंबईक," तो म्हणाला. "माका कायएक नाय निघाला."

मी फोन बायकोकडे दिला. तिने तो बंद करून उशीखाली ठेवला.

त्याचं हृदय ठणठणीत होतं. त्याला माझी गरजच नव्हती. स्वतः पट्ट्यावर चढायचं धाडस आधीच केलं असतं, तर हे काहीच घडलं नसतं. पण मग माझी टेस्टही झाली नसती, हेही तितकंच खरं. त्या पलंगावर पडल्या पडल्या मी हे पुष्कळदा उलटंपालटं करून पाहिलं. त्याच्यामुळे माझा रोग सापडला आणि त्याच्यामुळेच तो चार महिने लपून राहिला. ह्यातून मला काही नीट हाती लागलं नाही. एकच गोष्ट परत परत टोचत होती. त्या चैत्रातला तो दिवस मी मनात जपून ठेवला होता. गाडीत शेजारी बसणं, काचेतून हसणं, पाठीवरचा हात. वडील गेल्यावर कुणी माझी एवढी काळजी केली असं मला त्या एका दिवशी वाटलं होतं. नळीत जाळी बसवून रक्त वाहतं करता येतं. तो दिवस मात्र मला कुणी परत दिला नाही.

त्या वर्षीचा गणपती एकाच मखरात बसला, कारण तो वेगळा करायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसून आरती ऐकली. वयनीने पंचखाद्य केलं, माझ्या बायकोने मोदक केले, आणि दोघी पाच दिवस एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. पुढे मी शेडमध्ये छताच्या वाशाला साखळीची पुली बसवून घेतली. आता मशीन साखळीनेच वर जातं.

दादा माघात आला. आल्या आल्या माझ्याकडे आला नाही. दोन दिवस खळ्यात त्याचे कपडे वाळत होते, त्याचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आला आणि रिकाम्या क्रेटवर बसला. मी कार्बोरेटर खोलून बसलो होतो. पाठमोराच राहिलो. तो म्हणाला, आधीच्या जहाजावर इंजिनरूममधून वर चढताना एकदा त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या बंदराला उतरवून घरी पाठवलं असतं.

"जहाज सुटला तर मी कोण रे?" तो म्हणाला. "घरात बसान काय करतलंय?"

"ता समाजतंय मी," मी म्हटलं. "माझ्याकडसून चालून घेतलंस, ता पण समाजतंय. पण डाक्टरान तुका सांगल्यान, आणि तू गाडयेत बसान माका काय सांगलंस?"



"बरो आसस म्हटलंय."

"त्या एका बोलण्यार मी पावसाळाभर मशिनां उचललंय. बरी दाढ काढून घेतलंय."

दाढेचं त्याला माहीत नव्हतं. त्याने मान खाली घातली. मग सांगू लागला की खरं सांगितलं असतं तर कुणाच्या नावावर टेस्ट झाली ते बाहेर आलं असतं, कंपनीला कळलं असतं तर जहाजावर काम करायच्या परवान्याचं पुस्तकच रद्द झालं असतं. त्याला वाटलं होतं, गोळ्या चालू ठेवू, नऊ महिने निघून जातील, आल्यावर स्वतः घेऊन जाऊन सगळं करून टाकू. मशीन चुकलं असेल असंही त्याने स्वतःला बजावलं होतं. मी ऐकलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरोखरच असं ठरवलं असणार. नऊ महिने माझं हृदय त्याच्या सोयीने थांबून राहील, असं त्याने गृहीत धरलं होतं.

शेवटी त्याने विचारलं, "आता मी काय करू सांग."

"काय करू नको," मी म्हटलं.

तो उठला. जाताना त्याचा हात माझ्या पाठीकडे आला असावा, कारण मी नकळत पुढे सरकलो. तो निघून गेला.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. गावात कुणाला काही कळलंही नसेल. विहिरीचा पंप मी दुरुस्त करतो, तो त्याच्या झाडाचे नारळ पाडून आमच्या वाटणीचे पडवीत ठेवतो. माझ्या तपासण्या आता बायको सांभाळते, कागद सगळे तिच्या ट्रंकेत असतात. वयनी आणि ती आता पूर्वीसारख्या विहिरीवर उभ्या राहून बोलताना दिसतात. बायका आमच्याहून लवकर पुढे जातात की त्यांना पुढे जाणं भागच असतं, मला सांगता येणार नाही. एकदा मी बायकोला विचारलं, तू माफ केलंस का वयनीला? ती म्हणाली, तसं काही नाही, पण पाणी तर रोज भरायचं आहे.

मे महिन्यात दादाला पुन्हा जहाजाचं बोलावणं आलं. एरवी दरवेळी कुडाळच्या स्टेशनवर मी त्याला सोडायला जायचो, गाडी सुटेपर्यंत थांबायचो. ह्या वेळी मी सकाळी नेहमीपेक्षा लवकर शेडवर आलो. काम फारसं नव्हतं. नऊच्या सुमाराला एक रिक्षा शेडसमोर थांबली. आत वयनी बसली होती, पायांशी त्याची निळी बॅग. दादा खाली उतरला आणि दाराशी उभा राहिला. केस पुष्कळ पिकले होते त्याचे.

"येतंय," तो म्हणाला.

मी हात फडक्याला पुसले. जवळ जायचं की नाही, ते माझं ठरेना.

"सांभाळून जा," मी म्हटलं.

तो आणखी क्षणभर थांबला. मग रिक्षात बसला, आणि रिक्षा बाजाराच्या रस्त्याला लागली. वयनी मागच्या बाजूने वाकून माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला, तिच्यासाठी.